नेटहॅकमधील वस्तुव्यवस्थापन

नेटहॅक हा १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला, अद्भुतरम्य विश्वावर आधारित भूमिकाप्रधान संगणकीय खेळ आहे. ‘रोग’ (१९८०) या खेळाच्या धर्तीवर रचलेल्या ‘हॅक’ या खेळातून तो विकसित झाला. त्याची आज्ञावली मुक्त असून स्वयंसेवक तिची देखभाल करतात. भुयारांच्या तळाशी असलेला येंडोरचा ताईत मिळवून तो आपल्या दैवताला अर्पण करणे हे खेळाडूचे उद्दिष्ट असते. पात्र मेले की खेळ संपतो आणि जतन केलेल्या जुन्या स्थितीकडे परतता येत नाही. त्यामुळे कोणती वस्तू उचलावी, कोणती वापरावी आणि कोणती टाकून द्यावी, हे निर्णय शत्रूशी लढण्याइतकेच महत्त्वाचे ठरतात.

वस्तूंची मांडणी

मूळ खेळात चित्रांऐवजी चिन्हे वापरली जातात. शस्त्रासाठी ‘)’, चिलखतासाठी ‘[’, पेयासाठी ‘!’, तर मंत्र लिहिलेल्या गुंडाळीसाठी ‘?’ असे चिन्ह असते. उचललेल्या प्रत्येक वस्तूला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर मिळते. २६ लहान व २६ मोठी अशी एकूण ५२ अक्षरे उपलब्ध असल्याने सामानातील नोंदींची संख्या मर्यादित राहते. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू एका अक्षराखाली एकत्र राहू शकतात. मात्र एक पेय शापित आणि दुसरे अभिमंत्रित असल्यास त्यांची नोंद स्वतंत्र होते.

वजन आणि वाहनक्षमता

पात्राची वाहनक्षमता त्याचे बळ व सहनशक्ती यांवरून ठरते. या दोन गुणांच्या बेरजेला २५ ने गुणून त्यात ५० मिळवले जातात. उदाहरणार्थ, बळ १६ आणि सहनशक्ती १४ असल्यास क्षमता ८०० येते. कमाल मर्यादा १,००० आहे. क्षमतेच्या तुलनेत ओझे वाढत गेल्यास पात्र क्रमाने अधिक कठीण अशा पाच अवस्थांतून जाते. पहिल्याच अवस्थेत त्याचा वेग तीन चतुर्थांश होतो, म्हणजे एरवी ज्यांच्यापासून पळ काढता आला असता ते शत्रू त्याला गाठू शकतात. सोन्याच्या १०० नाण्यांचे वजनही १ एकक धरले जाते.

केवळ अधिक संरक्षण देणारी वस्तू सर्वोत्तम, असे म्हणूनच म्हणता येत नाही. पोलादी पत्र्यांचे संपूर्ण चिलखत ७ गुणांचे संरक्षण देते, परंतु त्याचे वजन ४५० असते. एल्फ लोकांचे मिथ्रिल चिलखत ५ गुणांचेच संरक्षण देत असले, तरी त्याचे वजन केवळ १५० असल्याने अनेक खेळाडू तेच पसंत करतात.

शाप आणि ओळख

प्रत्येक वस्तू अभिमंत्रित, सामान्य किंवा शापित असते आणि ही अवस्था बहुतेक पात्रांना आरंभी दिसत नाही. पुरोहिताचे पात्र याला अपवाद आहे. शापित चिलखत अंगावरून उतरवता येत नाही. अंगरखा चिलखतावर घातला जात असल्याने तो शापित निघाल्यास आतील चिलखतही बदलता येत नाही. वस्तू वेदीवर ठेवल्यास तिची परीक्षा होते: शापित वस्तूभोवती काळी आणि अभिमंत्रित वस्तूभोवती पिवळसर प्रभा चमकते. वेदी जवळ नसल्यास पाळीव प्राण्याच्या वागण्यावरून अंदाज बांधता येतो, कारण तो शापित वस्तूवर पाऊल ठेवण्यास कचरतो.

पेये, गुंडाळ्या, जादूच्या छड्या व अंगठ्या यांची बाह्यरूपे प्रत्येक खेळात नव्याने ठरतात. एका खेळात जखमा भरून काढणारे निळे पेय पुढच्या खेळात झोप आणणारे असू शकते. दुकानदार सांगतो त्या किमतीवरून वस्तूची मूळ किंमत ताडून तिचा प्रकार ओळखण्याची पद्धत खेळाडूंमध्ये रूढ आहे. वस्तूंची ओळख पटवणाऱ्या गुंडाळीची मूळ किंमत २० असून त्या किमतीची दुसरी गुंडाळी नसते.

करड्या रंगाचे दगड विशेष धोकादायक असतात. त्यांतील एक भाग्यवर्धक असतो, तर दुसऱ्याचे वजन ५०० असून तो सहसा शापित असल्याने उचलल्यावर टाकता येत नाही. म्हणून अनोळखी करडा दगड उचलण्यापूर्वी त्याला लाथ मारून पाहतात. जड दगड जागचा हलत नाही.

जादूची पोतडी

जादूच्या पोतडीत ठेवलेल्या वस्तूंचे वजन निम्मे धरले जाते, आणि पोतडी अभिमंत्रित असल्यास एक चतुर्थांश. गुंडाळ्या व पेये तिच्यात आगीपासून आणि थंडीपासूनही सुरक्षित राहतात. मात्र शापित पोतडीत वजन दुप्पट होते व ती उघडताना आतील प्रत्येक वस्तू नाहीशी होण्याची शक्यता १३ मध्ये १ असते. वस्तूंची जादू नष्ट करणारी छडी किंवा दुसरी जादूची पोतडी आत ठेवल्यास स्फोट होऊन पोतडी सामानासह नष्ट होते. पोतडीतून वस्तू काढण्यात एक खेळी खर्ची पडते; त्यामुळे संकटकाळी लागणाऱ्या वस्तू बाहेरच ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

खेळातील महत्त्व

पात्राच्या मृत्यूनंतर त्याचे सामान पुढील खेळात मिळत नाही. क्वचित पुढचे पात्र त्याच ठिकाणी पोहोचते व तेथे पूर्वीच्या पात्राचे भूत आणि सामान आढळते. पण त्यातील बहुतेक वस्तू शापित झालेल्या असतात. एका खेळातून दुसऱ्या खेळात खात्रीने जाते ते खेळाडूचे ज्ञान: वस्तूंचे वजन, किमती, धोके आणि परीक्षेच्या पद्धती. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे व त्याचे परिणाम स्वीकारणे हे नेटहॅकमधील वस्तुव्यवस्थापनाचे मुख्य वैशिष्ट्य होय.