जुन्या झाडांची सावली आणि आपले आरोग्य

एप्रिलच्या दुपारी क्रांती चौकात सिग्नलला थांबलात, तर डांबराची धग पायाखालून वर येते. तिथून हिमायत बागेतल्या जुन्या झाडांखाली जा. फरक अंगालाच कळतो.

फरक फक्त सावलीचा नाही. आपण घाम गाळून अंग थंड ठेवतो. झाडेही पानांवाटे वाफ सोडून भोवतालची हवा थंड करतात. जुन्या बागा आखणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असावे. १७व्या शतकातील बीबी का मकबऱ्याभोवतीची चारबाग पाहा: बागेचे चार भाग, मधून पाण्याचे पाट, कारंजी आणि झाडे. मोगलकालीन हिमायत बागेत आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे उष्माघाताचे रुग्ण येतात. ताप ४० अंशांच्या वर, बोलणे असंबद्ध. त्यांत उन्हात राबणारे मजूर असतात, पत्र्याच्या घरात राहणारे वृद्ध असतात. त्यांच्यासाठी झाडाखालची जागा हाच एसी. मधुमेहींना मी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालायला सांगतो. ‘कुठे चालू, डॉक्टर?’ हा त्यांचा प्रश्न रास्त असतो.

जुने झाड तोडून दहा रोपे लावली, तरी त्याची सावली परत यायला काही दशके लागतात. आजच्या रुग्णाला तेवढा वेळ नाही.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी जवळच्या बागेत चाला. उन्हात कुणी भोवळ येऊन पडला किंवा बरळू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि लगेच १०८ला फोन करा.