‘गुलाबी साडी’ गाणं हिट, मग साड्यांचा गठ्ठा घरात का पडून?



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, की ट्रेंड बघून माल भरू नका. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, ‘सर, मग ट्रेंड आला की नुसतं बघत बसायचं का?’ अजिबात नाही. आज एका गाण्याचा हिशोब मांडूया, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

फेब्रुवारी २०२४. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ यूट्यूबवर आलं. जळगाव जिल्ह्यातला हा मुलगा. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. सोबत संगीताला जी-स्पार्क आणि व्हिडिओत प्राजक्ता घाग. मागे सिनेमा नाही, मोठा हिरो नाही. आणि बघता बघता लग्नाची हळद असो, सोसायटीचं हळदीकुंकू असो की ऑफिसचा ट्रॅडिशनल डे, सगळीकडे तेच गाणं. माधुरी दीक्षितनेही त्यावर रील केलं.

आता आपल्या मुलुंडच्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट. त्या घरातून साड्या विकतात. गाणं गाजतंय म्हटल्यावर त्यांनी ६० गुलाबी साड्या मागवल्या, ६५० रुपयांना एक. आकडे मी गोल केलेत. म्हणजे ३९,००० रुपये गुंतले. पहिल्या २४ साड्या ९०० रुपयांनी भराभर गेल्या, २१,६०० आले. ताई खूश! पण तोवर प्रत्येक दुकानाच्या बाहेर गुलाबी साडी टांगलेली. उरलेल्या ३६ साड्या शेवटी ४५० ने काढाव्या लागल्या, १६,२०० मिळाले. एकूण ३७,८००. म्हणजे १,२०० रुपये तोटा, वर रिक्षाभाडं, पॅकिंग वेगळं. आणि पाच महिने पैसा अडकला तो वेगळाच. गणपतीचा माल भरायला हातात रोकड नव्हती. खरा फटका तो बसला.

गाणं हिट झालं, साडी पडली. का?

१. गाण्याला स्टॉक नसतो

गाणं एकदा तयार झालं की दहा जणांनी ऐकलं काय किंवा दहा लाखांनी ऐकलं काय, नवा माल बनवावा लागत नाही. मागणी संपली तरी कपाटात काही उरत नाही. आपल्या धंद्यात प्रत्येक नगाला पैसे मोजावे लागतात. त्यामुळे त्याचा वेग बघून आपण खरेदी करायची नाही.

२. गाण्याने गिऱ्हाइकाला काम दिलं

नीट ऐका. गाण्यातली मुलगी साडी नेसून, नटून म्हणते की माझा फोटो काढ. बस्स! ज्या बाईच्या कपाटात साडी आहे, तिच्या हातात रीलची आयती कल्पना आली. जाहिरात लोकांनीच केली. आता स्वतःला विचारा : माझी वस्तू घेतल्यावर गिऱ्हाईक पुढे काय करणार? काहीच नाही, असं उत्तर आलं तर तिथे काम करायला जागा आहे.

३. एकाच गाण्यावर तो थांबला नाही

‘गुलाबी साडी’च्या आधी त्याचं ‘नऊवारी’ होतं. नंतर ‘काळी बिंदी’ आलं, २०२५ मध्ये ‘शेकी’ आलं. पहिली तीन नावं बघा. नऊवारी, साडी, बिंदी. सगळा साजशृंगार! ऐकणारा वर्ग तोच, वस्तू नवी. आपण उलटं करतो. एक वस्तू चालली की तीच दुप्पट भरतो.

मग ताईंनी काय करायला हवं होतं?

दहा साड्या आणायच्या. फोटो टाकायचे, अर्धे पैसे घेऊन बुकिंग करायचं आणि मगच पुढचा माल मागवायचा. न विकलेला माल बदलून देणार का, हे व्यापाऱ्याला आधीच विचारायचं.

त्याहून चांगलं म्हणजे सेवा विका. बोरिवलीत संगीतासाठी मावश्या-आत्यांना डान्स शिकवणारी मुलगी, घाटकोपरमध्ये साडी नेसवून देणारी ताई, ब्लाऊज शिवणारे मास्टर, मेकअपवाली. गाणं बदललं की यांचं फक्त काम बदलतं, गठ्ठा उरत नाही. लाट दुसऱ्याची असली तरी धोका कमी.

एक सावधगिरी

‘सर, मी माझ्या साड्यांच्या रीलला तेच गाणं लावलं, आवाजच गेला!’ अशा तक्रारी येतात. कारण सोपं आहे. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला गाजलेली गाणी सहसा वापरता येत नाहीत. पर्सनल अकाउंटवर गाणं दिसतं, पण धंद्याच्या जाहिरातीसाठी ते वापरायची परवानगी त्यात येत नाही. गाण्यात रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. दुकानात किंवा कार्यक्रमात गाणी वाजवायची तर पीपीएल, आयपीआरएस अशा संस्थांचे परवाने लागतात. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती सूट लग्नघराला आहे, तुमच्या सेलला नाही. रीलसाठी ॲपमधलं मोफत संगीत घ्या, नाहीतर ओळखीच्या ढोलकीवाल्याकडून तीस सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या आणि वापरायची लेखी परवानगी त्याच्याकडून घेऊन ठेवा.

ताई आता काय करतात? साडी नेसवण्याचं आणि फॉल-पिकोचं काम घेतात. साड्या ठेवतात, पण बुकिंग झाल्याशिवाय दहाच्या वर नाही.

आजचं होमवर्क : वहीत दोन रकाने करा. एकीकडे लिहा, या ट्रेंडमध्ये माझे किती रुपये अडकतील. दुसरीकडे लिहा, ते अडकले तर पुढच्या सीझनचा माल मी कशातून भरणार. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर खरेदी थांबवा.

गाण्यावर नाचायला मात्र हरकत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!