फडताळातला उन्हाळा

बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आपण माठाजवळ आणि कूलरसमोर बसतो. घरात एक जण मात्र असा असतो की त्याला आपण बंद दारामागे ठेवून विसरतो. तो म्हणजे फोटो आणि कागदपत्रं सांभाळणारा छोटा सर्व्हर.

आमचा सर्व्हर बैठकीच्या भिंतीतल्या जुन्या फडताळात आहे. त्यात दोन हार्ड डिस्क, आणि त्यांवर मामंजींनी वर्षानुवर्षं टेपवर घेतलेली मंडळाची नाटकं. मूळ कॅसेटींना बुरशी लागली आहे, निम्म्या वाजतही नाहीत. दोन्ही डिस्कवर तेच साठवलेलं आहे, म्हणजे एक बिघडली तर दुसरी आहे. हे ठीकच. पण दोघी एकाच डब्यात असल्यामुळे तापतातही एकत्रच, हे लक्षात घ्यायला हवं.

आता तापतात किती ते पाहा. सर्व्हर, राऊटर, फायबरची डबी आणि यूपीएस मिळून सुमारे ६० वॉट वीज घेतात. ती सगळी शेवटी उष्णताच होते. आपल्या लहानपणीचा ६० वॉटचा पिवळा दिवा फडताळात ठेवून, दार लावून, अहोरात्र जळत ठेवला तर जे होईल तेच. गेल्या मे महिन्यात एका दुपारी खोलीत ३६ अंश, फडताळात ४५ आणि डिस्कच्या आतल्या संवेदकावर ५४ असे आकडे मी टिपले. बऱ्याच डिस्कना कंपनीने ६० अंशांचीच मर्यादा दिलेली असते.

मुलगा म्हणाला, त्या खोलीचा एसी दिवसभर चालू ठेवू. ६० वॉटसाठी हजारभर वॉट जाळायचे, हे मला काही पटेना. बर्फाचं भांडं ठेवण्याची युक्ती तर त्याहून वाईट. दमट हवेत गार वस्तूवर पाणी सुटतं आणि ते विजेच्या यंत्राशेजारी नको. कूलरचा झोतही थेट नको, तो ओलावा घेऊनच येतो.

वाट सासूबाईंनी दाखवली. "अगं, चुलीच्या धुराला वर धुराडं लागतं, तसं याला द्या की!" अगदी बरोबर बोलल्या. गरम हवा वर चढते, पण तिला बाहेर जायला तोंड हवं, आणि तिची जागा घ्यायला खालून हवा आत यायला हवी. नुसतं वर भोक पाडून भागत नाही. मिस्त्रींनी दाराच्या तळाशी हाताएवढी जाळी बसवली आणि वरच्या फळीला संगणकात असतो तसा बारा सेंटिमीटरचा पंखा, हवा बाहेर फेकणारा. ६० वॉटची उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा पाचच अंश जास्त राहू द्यायची, तर सेकंदाला साधारण दहा लिटर हवा पुरते. एवढं काम तो पंखा मंद वेगातही, आवाज न करता करतो. खालची जाळी आणि वरचा पंखा यांच्यामध्ये सर्व्हर येईल अशी मांडणी करायची. त्याच्यापुढे फायली, जुने दिवाळी अंक रचायचे नाहीत.

पुढच्या तशाच दुपारी डिस्क ४६ वर थांबली. पंखा हवा गार करत नाही, बदलतो. त्यामुळे फडताळ खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीतलं फडताळ टाळावं, ती भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. मोठ्या नकला करण्याचं कामही मी पहाटे चारला लावलं आहे.

यूपीएस मात्र मी फडताळातून काढून बोळात जमिनीवर ठेवला. त्यातल्या शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होत जातं. शिवाय तेवढीच उष्णता आतून कमी झाली.

आणि हो, नाटकांची एक नकल इंदूरला भाऊजींकडे आहे. पंख्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण ती असल्याशिवाय मला झोप लागली नसती.

जाळी मी शनिवारी ब्रशने झाडते. मे महिन्यात ती आठवड्यात धुळीने बुजते; पहिल्या पावसात पंखवाल्या मुंग्या येतात, म्हणून आतून मच्छरदाणीचा तुकडा लावला आहे. त्याने हवा थोडी अडते, तेव्हा पंखा एक घर वाढवते.