विश्लेषण : बाईवरचा अन्याय नेहमी परग्रहावरच का घडतो?

अंतराळयान अनोळखी ग्रहावर उतरते. तिथे बायकांना बोलायची, शिकायची बंदी. यानातील मंडळी दोन भाषणे देतात, एखादी मारामारी होते आणि पाऊण तासात ग्रह सुधारतो. परदेशी विज्ञान मालिका मोबाइलवर पाहणाऱ्यांना हा साचा आता पाठ झाला आहे. तो इतका वापरला का जातो आणि त्यात नेमके चुकते काय?

‘बायकांना कोंडणारा ग्रह’ कसा दिसतो?

‘स्टारगेट एसजी-१’ या मालिकेचा १९९७ मधील ‘इमॅन्सिपेशन’ हा भाग पाहा. अमेरिकी हवाई दलाची कॅप्टन सामंथा कार्टर एका ग्रहावर पळवली जाते. तिथला समाज मंगोल टोळ्यांचा वंशज दाखवला आहे. कार्टर टोळीप्रमुखाशी द्वंद्व जिंकते आणि त्याच्या मुलीचे प्राण वाचवते. कार्टरचे शौर्य ठीकच. पण मागासलेपणाला चेहरा आणि पोशाख आशियाई दिला आहे. अन्याय करणारे ‘ते’ आणि सोडवणारे ‘आपण’, अशी विभागणी आधीच झालेली असते. त्यामुळे प्रेक्षकाला स्वतःच्या घराकडे पाहावेच लागत नाही.

बायकांचे राज्य दाखवले तर?

हा त्याच साच्याचा उलटा प्रकार. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधील ‘एंजल वन’ (१९८८) या भागातील ग्रहावर बायका राज्य करतात आणि पुरुष दुय्यम असतात. भूमिकांची अदलाबदल करून पुरुषांना आरसा दाखवण्याची संधी होती. पण सहानुभूती बंडखोर पुरुषांकडे जाते आणि यानावरचा पुरुष अधिकारीच शहाणपण सांगतो.

मराठी मनाला हे कथानक नवे नाही. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकले आणि गोरखनाथांनी त्यांना सोडवले, ही कथा घरोघरी माहीत आहे. ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला, त्यात राणी झाल्या होत्या दुर्गा खोटे. तिथेही बायकांचे राज्य म्हणजे माया, ज्यातून पुरुषाची सुटका व्हायची.

याउलट रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्येच ‘सुलतानाज् ड्रीम’ या कथेत पुरुषांना पडद्याआड बसवले. बायका सौरऊर्जेवर देश चालवतात. अदलाबदल तीच, पण इथे प्रश्न वाचकाच्या घरातल्या पडद्याला विचारला आहे.

यानातली स्थिती काय होती?

परग्रहाला धडे देणाऱ्या मालिकेचे स्वतःचे घर कसे होते? मूळ ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या चाचणी भागात कप्तानानंतरची अधिकारी स्त्री होती. १९६६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा ती भूमिका गायब झाली होती. १९६९ च्या शेवटच्या भागात तर, बाई असल्याने कप्तानपद मिळत नाही म्हणून चिडलेली शास्त्रज्ञ कर्कच्या शरीराचा ताबा घेते. तिची तक्रार रास्त की नाही, हे बाजूला राहते. तिला वेडी ठरवून कथा संपते. या मालिका-समूहात स्त्री कप्तान नायिका व्हायला १९९५ चे ‘व्हॉयेजर’ यावे लागले.

सोलापुरातून पाहिले तर काय दिसते?

सोलापूरच्या पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांमागे. ती घरात पैसा आणते आणि चूलही तीच पेटवते. ‘बाईने कमवू नये’ असा कायदा इथे नाही. म्हणून मालिकेतल्या ग्रहाशी तुलना केली, तर इथे अन्याय दिसणारच नाही.

कायदा बदलला की समाज बदलला, हाही मालिकांचा लाडका शेवट. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. तरी सहीपुरती बाई आणि कारभार नवऱ्याकडे, हे चित्र आजही अनेक गावांत दिसते.

आणि बदल घडतो तेव्हा तो पाऊण तासात घडत नाही. सोलापूरलगतच्या कुंभारीत महिला विडी कामगारांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, ती वर्षानुवर्षांच्या मोर्चा-आंदोलनांनंतर. त्यासाठी आकाशातून कोणी उतरले नव्हते.

मग वेगळी मालिका कोणती?

मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्या कादंबरीवरील ‘द हँडमेड्स टेल’ (२०१७) मध्ये अन्याय दुसऱ्या ग्रहावर नाही. बायकांची बँक खाती आणि नोकऱ्या एका फटक्यात जातात आणि शेजारचे लोक बघत राहतात. इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही असे काही आपण त्यात घातले नाही, असे अ‍ॅटवूड सांगत आल्या आहेत. आपल्याकडील ‘लैला’ (२०१९) मध्येही परधर्मात लग्न केलेल्या आईला ‘शुद्धी’साठी छावणीत नेले जाते. ही वाक्ये, ही नजर प्रेक्षकाने ऐकलेली-पाहिलेली असते.

पुढची मालिका पाहताना तीन गोष्टी तपासता येतील. अन्याय करणारे लोक कोणासारखे दिसतात? त्यांना सोडवते कोण, बाहेरचा पाहुणा की त्या बायका स्वतः? आणि भाग संपल्यावर यानातल्या बायकांच्या वाट्याला नेमके कोणते काम येते?