बाळाची वाढ, लेखांक ६ : वॉकर कशासाठी?

मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे टप्पे मागच्या लेखांत झाले. आता चालणं. घरच्यांची सर्वांत जास्त घाई इथेच दिसते. शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चालू लागलं, की आपलं वर्षाचं होऊनही रांगतंच आहे याची टोचणी लागते आणि कुणीतरी हौसेने चाकांचा वॉकर आणतं. चालणं लवकर यावं म्हणून आणलेली ही वस्तू चालण्याचा सरावच हिरावून घेते, असं माझं म्हणणं आहे.

आधी ‘उशीर’ कशाला म्हणायचं ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. त्यांत आधाराशिवाय चालू लागण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरलेलं निघालं. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा दहाव्या महिन्यात चालणारं मूल हुशार आणि चौदाव्यात चालणारं मागे, या समजुतीला काही आधार नाही. फरक पडतो तो सरावाने. न्यूयॉर्कमध्ये कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी मोकळेपणी खेळणाऱ्या, बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली (२०१२). तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! तोल सावरायला मूल या पडण्यातूनच शिकतं. वॉकरमध्ये नेमकं तेच होत नाही. शरीराचा भार झोळीवर, पाय नुसते जमीन ढकलायला, आणि पुढच्या ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. सीगल आणि बर्टन यांच्या १९९९च्या अमेरिकी अभ्यासात वॉकर वापरलेली मुलं इतरांपेक्षा उशिरा बसली, रांगली आणि चालली.

यावर कुणी म्हणेल, की हा फरक थोड्या दिवसांचा. पुढे सगळीच मुलं चालतात. खरं आहे, आणि अशा एका अभ्यासावर फार मोठा इमला रचूही नये. पण मग फायदाही काही उरत नाही, धोका मात्र उरतो. वॉकरमधलं मूल क्षणात जिन्यापाशी किंवा गरम चहाच्या कपापाशी पोचतं. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती अशाच अपघातांमुळे. आजी लोकांचा आक्षेप वेगळा असतो : आमच्या वेळी पांगुळगाडा नव्हता का? होता, पण लाकडी पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. मात्र तोही गुळगुळीत फरशीवर पळतो, तेव्हा मोठ्या माणसाची नजर हवीच.

सर्वांत रास्त आक्षेप आईचा. स्वयंपाक करताना मूल ठेवायचं कुठे? वॉकर तिला अर्धा तास मोकळीक देतो, आणि घरात दुसरे हात नसतील तर ‘लक्ष द्या’ हा सल्ला फुकाचा आहे. त्यापेक्षा खोलीचा एक कोपरा आपल्याला दिसेल असा रिकामा करावा, खाली सतरंजी घालावी, दोन-चार वाट्या-डबे ठेवावेत, जिना असेल तर त्याची वाट अडवावी. धरून उभं राहायला जड, न हलणारी पेटी किंवा दिवाण पुरतो. घरात पाय अनवाणीच बरे. अठरा महिने झाले तरी मूल चालत नसेल, आधी येत असलेलं काही विसरलं असेल, किंवा एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मोजताना जन्मतारीख नव्हे, डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख धरावी.