पाल इथली, पण बेटांवर आक्रमक

हैदराबादच्या बेगम बाजारात संध्याकाळी दिवे लागले की दुकानांच्या पाट्यांभोवती पतंग-चिलटे जमतात आणि त्यांच्या पाठोपाठ भिंतींवर पाली उतरतात. मसाले, सुका मेवा, धान्य आणि भांडी यांच्या या घाऊक पेठेत गोण्या आणि खोक्यांची सदैव दाटी असते. पालीला लपायला आणि अंडी घालायला अशा फटी पुरेशा ठरतात. पेठेत पाल चुकचुकली तर कोणी ती वाक्याला दिलेली ग्वाही मानतो, कोणी अपशकुन. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो दुसऱ्या पालीला दिलेला इशारा असतो.

परकी कोण?

आपल्या घरांत आढळणाऱ्या बहुतेक पाली हेमिडॅक्टिलस या वंशातील आहेत. त्यांपैकी हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस ही दक्षिण आणि आग्नेय आशियातील मूळची जात. आपल्याकडे ती आक्रमक नाही. परंतु जहाजांतील मालासोबत ती ऑस्ट्रेलिया, हवाई आणि प्रशांत महासागरातील अनेक बेटांवर पोहोचली. तेथे दिव्याखालचे कीटक ती इतक्या वेगाने फस्त करते की आधीपासून राहणाऱ्या लहान पालींची उपासमार होते. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये नॅक्टस वंशातील स्थानिक पाली मुख्य बेटावरून नाहीशा होऊन आसपासच्या छोट्या बेटांपुरत्या उरल्या. या ऱ्हासात बाहेरून आलेल्या याच पालीचा मोठा वाटा असल्याचे अभ्यासक मानतात.

हा प्रवास तिला साधतो तो अंड्यांमुळे. मादी एका वेळी साधारणपणे दोन अंडी घालते. त्यांचे कवच कठीण असल्याने ती सहज सुकत नाहीत आणि खोक्याच्या कोपऱ्यात काही आठवडे सुरक्षित राहतात. शिवाय मादी नराचे बीज शरीरात दीर्घकाळ साठवू शकते. त्यामुळे एकटी मादीही नव्या ठिकाणी वंश सुरू करू शकते. म्हणूनच माल परदेशी पाठवण्यापूर्वी खोकी झटकून तपासणे ही केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही.

घरापासून दूर कशी ठेवावी?

पाल घरात येते ती अन्न, ऊब आणि आडोसा यांसाठी. उपायही तेथूनच सुरू व्हावा.

• दिव्यांकडे कीटक येतात आणि कीटकांमागे पाल. दाराबाहेरचा पांढरा प्रखर दिवा बदलून पिवळसर दिवा लावावा आणि गरज नसताना तो बंद ठेवावा.
• खिडक्या आणि झरोक्यांना बारीक जाळी बसवावी. दाराखालची फट, नळ आणि वायरींभोवतीची भोके बुजवावीत.
• गोण्या भिंतीला टेकवू नयेत. त्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचाव्यात आणि ठरावीक दिवसांनी हलवाव्यात.
• अन्न झाकून ठेवावे. पाल विषारी नसते. मात्र तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू अन्नात जाऊ शकतात. विष्ठा पडलेले अन्न टाकून द्यावे आणि ओटा साबणाने धुवावा.

अंड्याची टरफले किंवा मोरपीस लावल्याने पाल पळते, याला भरवशाचा आधार नाही. डांबरगोळ्या अन्नाजवळ ठेवणे तर धोक्याचे आहे. लहान मुलाने एखादी गिळली तर जिवावर बेतू शकते. चिकट सापळ्यांत अडकलेली पाल तासन्‌तास तडफडून मरते. प्राण्यांना अनावश्यक यातना देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. घरात शिरलेल्या पालीवर रुंद डबा पालथा घालून, खालून पुठ्ठा सरकवून ती बाहेर सोडता येते.

सरसकट मारण्यात आणखी एक धोका आहे. तेलंगणच्या पठारावरील खडकाळ टेकड्यांतून 2020 मध्ये याच वंशातील दोन नव्या जातींची नोंद झाली. आपल्या परिसरात कोणकोणत्या पाली आहेत, याचा शोध अजून संपलेला नाही. घरात नको असलेल्या पालीला बाहेर काढावे; पण कीटक खाणाऱ्या या जिवाला भिंतीपलीकडे तरी जागा असू द्यावी.