हरकत कोणी घ्यायची?

नवी मुंबईत महानगरपालिका १९९२ साली आली, पण बहुतेक जमीन सिडकोच्याच ताब्यात राहिली. पालिकेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तो थेट ऑगस्ट २०२२ मध्ये. मैदान कुठे, शाळा कुठे, याची आरक्षणे त्यात असतात. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार त्यावर नागरिकांना लेखी हरकत घेता येते, सुनावणीही होते. हजारो हरकती आल्या. मात्र तेव्हा नगरसेवकच नव्हते. मे २०२० पासून प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे आराखडा मांडणारे प्रशासन, आणि गाऱ्हाणे ऐकायला वॉर्डातले कोणी नाही! शिवाय नकाशा वाचता यायला हवा. आमच्या आजोबांना शेताचा सर्व्हे नंबर तोंडपाठ आहे. नकाशावर असतात सेक्टर आणि भूखंड क्रमांक. ते मलाच शोधून द्यावे लागतात.